ऋणभावना आणि सहजीवन : अण्णासाहेब कर्वे यांच्या शिक्षणकार्यातील एक सूत्र

पदवीदान-समारंभाच्या प्रसंगी नवपदवीधरांना समाजऋणाचे स्मरण करून देण्याचा प्रघात आपल्या विद्यापीठांत फार दिवसांपासून रूढ आहे. समाजाने तुम्हांला शिकविले, आता तुम्ही समाजाचे देणे फेडा, हा त्या उपदेशाचा सारांश असतो. उपदेश योग्यच आहे. परंतु त्यात तीन गोष्टी बहुधा अनुक्त राहतात. हे ऋण नेमके कोणाचे, ते किती आणि ते फेडावयाचे कोणाला? या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून ऋणाची भाषा अलंकारिक ठरते आणि ऐकणाराही ती समारंभाचा एक भाग म्हणूनच ऐकून घेतो.

महाराष्ट्रातील शिक्षणसंस्थांच्या इतिहासात या प्रश्नांचा विचार व्याख्यानांतून जितका झाला त्याहून अधिक संस्थांच्या प्रत्यक्ष घडणीतून झाला आहे. त्या घडणीचे एक ठळक उदाहरण म्हणजे महिला विद्यापीठाचे संस्थापक धोंडो केशव तथा अण्णासाहेब कर्वे (१८५८–१९६२) यांचे कार्य होय. कर्व्यांनी शिक्षणाचे तत्त्वज्ञान असे स्वतंत्रपणे फारसे मांडले नाही. ‘आत्मवृत्त’ हा त्यांचा ग्रंथ १९१५ मध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या स्थापनेपूर्वी, प्रसिद्ध झाला. त्यातही तत्त्वचर्चेपेक्षा हकिकतच अधिक आहे. तेव्हा त्यांचे मत त्यांनी उभारलेल्या संस्थांच्या रचनेतून काढावे लागते. तसे ते काढू गेल्यास एक सूत्र हाती लागते. शिक्षणाचे ऋण देणाऱ्याला परत करावयाचे नसून पुढच्या गरजूला द्यावयाचे असते. आणि हे ऋण आहे ही जाणीव उपदेशाने उत्पन्न होत नाही, ती एकत्र राहण्यातून उत्पन्न होते. प्रस्तुत लेखात या सूत्राची उपपत्ती, त्याची कार्यपद्धती आणि त्याच्या मर्यादा यांचा क्रमाने विचार करावयाचा आहे.

(१) मुरूडचा संस्कार

कर्व्यांचे बालपण रत्नागिरी जिल्ह्यातील मुरूड गावी गेले. वयाच्या सतराव्या वर्षी सरकारी परीक्षेसाठी ते आपल्या सोबत्यांबरोबर मुरुडाहून साताऱ्यास पायी चालत गेले आणि वय लहान दिसते या कारणाने त्यांना परीक्षेस बसू देण्यात आले नाही, हा प्रसंग सर्वश्रुत आहे. पुढे मुंबईस राहून, शिकवण्या करीत, ते १८८४ मध्ये पदवीधर झाले. या प्रसंगातून कष्टाळूपणाचा बोध सामान्यतः काढला जातो. आपल्या दृष्टीने त्यातील दुसरी बाजू महत्त्वाची आहे. कोकणातून मुंबईस येणारा विद्यार्थी एकटा येत असला तरी तो एकट्याच्या बळावर शिकत नसे. गावाकडचे कोणी आधी येऊन राहिलेले असे. त्याच्या खोलीत नव्याला जागा मिळे, त्याच्या ओळखीने शिकवणी मिळे. आधी आलेल्याने मागाहून येणाऱ्याला हात द्यावा, हा त्या जीवनाचा अलिखित नियम होता.

मुंबईतील मुरूडकरांनी आपल्या मिळकतीचा काही अंश गावाच्या हितासाठी बाजूला ठेवावा या कल्पनेने कर्व्यांनी ‘मुरूड फंड’ सुरू केला, तो याच नियमाला दिलेला पहिला संस्थात्मक आकार होय. वर्गणी देणाऱ्याला त्यातून स्वतःसाठी काही परत मिळावयाचे नव्हते. त्याने ज्यांच्याकडून घेतले होते त्यांना ते पोचत होते असेही नव्हे. ते पोचत होते गावातील पुढच्या पिढीला. ऋणाची दिशा येथेच निश्चित झाली.

या कथेला एक कटू उत्तरार्ध आहे. १८९३ मध्ये कर्व्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. गोदूबाई या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील विद्यार्थिनी होत्या. विवाहानंतर त्या आनंदीबाई झाल्या आणि पुढे ‘बाया कर्वे’ या नावाने ओळखल्या गेल्या. या विवाहामुळे मुरूडच्या समाजाने कर्व्यांवर बहिष्कार घातला. ज्या गावासाठी फंड उभारला त्याच गावाने दार लावले. ऋण म्हणजे दात्याशी केलेला व्यवहार असे मानणाऱ्याने अशा वेळी खाते बंद केले असते. कर्व्यांनी तसे केले नाही. इतकेच नव्हे, तर १९३६ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांतील मुलांच्या प्राथमिक शिक्षणासाठी त्यांनी ‘महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ’ स्थापन केले व त्यासाठी ते घरोघर वर्गणी मागत हिंडले.

(२) फर्ग्युसनमधील आजीव सभासदत्व

मुरूडात जो नियम भावनेच्या स्वरूपात होता तो कर्व्यांना पुण्यात घटनेच्या स्वरूपात भेटला. डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ मध्ये आणि फर्ग्युसन महाविद्यालय १८८५ मध्ये स्थापन झाले. सोसायटीची रचना आजीव सभासदत्वाच्या कल्पनेवर उभी होती. सुशिक्षित तरुणांनी वीस वर्षे अल्प वेतनावर अध्यापन करावयाचे व संस्थेचा कारभारही त्यांनीच मिळून पाहावयाचा, असा तो संकेत होता. हे वेतन पुढे दरमहा ७५ रुपये असे. सरकारी नोकरीत त्या काळच्या पदवीधराला जे मिळू शकत होते त्याच्या तुलनेने ही रक्कम लहान होती. वेतनातील हा फरक म्हणजेच त्या अध्यापकाने शिक्षणाला दिलेली देणगी होती, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु देण्याची मर्यादा कोणती, हा प्रश्न या रचनेने सोडविला नव्हता. सभासदाने संस्थेला केवळ ठरलेले अध्यापन द्यावयाचे, की आपला सर्व वेळ व बाहेरची सर्व प्राप्तीही द्यावयाची? टिळकांचा पक्ष दुसरा होता. जेझुइट पंथीयांप्रमाणे सभासदांनी सर्वस्वी संस्थेचे होऊन राहावे, बाहेरील कामांत वेळ घालवू नये आणि बाहेरचे उत्पन्न सामायिक निधीत जमा करावे, असा त्यांचा आग्रह होता. इतर सभासदांना हा अर्थ मान्य नव्हता. या व इतर मतभेदांची परिणती १८९० मध्ये टिळकांच्या राजीनाम्यात झाली. या वादात व्यक्तिगत कटुता किती होती याची चर्चा चरित्रकारांनी केली आहे. आपणांस त्यातून एवढेच ध्यानात घ्यावयाचे आहे की, त्यागाच्या तत्त्वावर उभारलेले सहजीवन त्यागाच्या मापावरून दुभंगू शकते. सर्वांनी द्यावे यावर एकमत असते. किती द्यावे हे इतरांनी ठरवावे काय, यावर ते नसते.

टिळकांच्या जाण्याने गणिताच्या अध्यापकाची जागा रिकामी झाली. एल्फिन्स्टन महाविद्यालयातील सहाध्यायी गोपाळ कृष्ण गोखले यांच्या निमंत्रणावरून त्या जागी १८९१ मध्ये कर्वे आले. ते १८९४ पर्यंत नव्हे, तर १९१४ पर्यंत, म्हणजे वीस वर्षांहून अधिक काळ, तेथे होते. वर सांगितलेल्या वादाचे त्यांनी आपल्यापुरते एक उत्तर शोधले. त्यांनी स्वतःसाठी त्यागाचे माप जवळजवळ अमर्याद ठेवले, पण ते माप सहकाऱ्यांना लावले नाही.

याच महाविद्यालयात या साखळीचा पुढचा दुवा तयार झाला. कर्व्यांच्या नात्यातील रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे मुलगे असताना त्यांच्या आधाराने शिकले. फर्ग्युसनमधून पदवी घेऊन ते केंब्रिजला गेले आणि १८९९ मध्ये गणिताच्या परीक्षेत सीनिअर रँग्लर झाले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. त्यांना मोठ्या पगाराच्या जागा मिळणे अवघड नव्हते. तरी ते आजीव सभासद म्हणून फर्ग्युसनमध्ये परतले, १९०२ मध्ये प्राचार्य झाले आणि सुमारे दोन दशके त्या पदावर राहिले. कर्व्यांनी त्यांच्यासाठी जे केले ते परांजप्यांनी कर्व्यांना परत केले नाही. फर्ग्युसनच्या विद्यार्थ्यांना दिले. १९१६ मध्ये कर्व्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले तेव्हा डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्याचे पहिले कुलपती आणि परांजपे पहिले कुलगुरू झाले.

(३) हिंगण्याची झोपडी

सहजीवनाच्या तत्त्वाची खरी कसोटी हिंगण्यास लागली. १८९६ मध्ये कर्व्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम सुरू केला. प्लेगच्या दिवसांत गावापासून दूर राहणे अवश्य झाले आणि १९०० मध्ये आश्रम पुण्याबाहेर हिंगणे येथे, एका साध्या झोपडीत, गेला. आज ज्या भागास कर्वेनगर म्हणतात तोच हा परिसर. त्या वेळी तेथे नीट रस्ताही नव्हता. महाविद्यालयातील अध्यापन संपवून कर्वे रोज पायी हिंगण्यास जात, बरोबर लागणाऱ्या वस्तू नेत, रात्री तेथे राहून दुसऱ्या दिवशी परत कामावर हजर होत.

हिंगण्याच्या आश्रमात जी विधवा येई तिची स्थिती फर्ग्युसनच्या विद्यार्थ्याहून अगदी भिन्न होती. घरात ती इतरांच्या अन्नावर जगते असे तिला रोज ऐकावे लागत असे. म्हणजे ऋणाची भाषा तिच्या चांगल्या परिचयाची होती. किंबहुना त्याच भाषेने तिचा स्वाभिमान नाहीसा केलेला होता. अशा स्त्रीला आश्रमाने पुन्हा ‘तू आमची ऋणी आहेस’ असे सांगितले असते, तर सासरच्या घरात आणि आश्रमात भेद तो काय राहिला असता? येथे सहजीवनाचे शैक्षणिक मूल्य स्पष्ट होते. आश्रमात स्वयंपाक, स्वच्छता, आजाऱ्याची शुश्रूषा, नव्या मुलीची देखरेख ही कामे आपसांत वाटून घ्यावी लागत. आलेली स्त्री पहिल्या दिवसापासून घेणारीही असे आणि देणारीही. संस्थेचा पैसा कोठून येतो, किती अपुरा आहे आणि तो आणण्यासाठी कोण किती पायपीट करतो, हे तिच्या डोळ्यांसमोर असे. तेव्हा ऋण सांगावे लागत नव्हते, ते दिसत होते. आणि ते फेडण्याचा मार्गही शेजारच्या चटईवर बसलेल्या नव्या मुलीच्या रूपाने समोर होता.

पार्वतीबाई आठवले यांचे चरित्र या दृष्टीने अभ्यसनीय आहे. या आनंदीबाई कर्वे यांच्या भगिनी. विसाव्या वर्षी त्यांना वैधव्य आले. पदरी एक मुलगा होता. आश्रमात आल्या तेव्हा त्यांचे शिक्षण नव्हते म्हटले तरी चालेल. तेथे त्या शिकल्या, आश्रमाच्या व्यवस्थेत जबाबदारीचे स्थान त्यांनी सांभाळले आणि पुढे निधी गोळा करण्यासाठी गावोगाव फिरून त्यांनी व्याख्याने दिली. १९१८ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या. इंग्रजी बेताचे, जवळ पैसा नाही, अशा स्थितीत तेथील घरांतून घरकाम करून त्यांनी निर्वाह केला, भाषा शिकली आणि संस्थेसाठी मदतही मिळविली. ‘माझी कहाणी’ या आत्मकथनात त्यांनी हे सर्व साधेपणाने सांगितले आहे. आश्रयार्थ आलेली स्त्री संस्थेची आधारस्तंभ होते, हा क्रम हिंगण्यास अपवादात्मक नव्हता. काशीबाई देवधर यांच्यासारख्या इतर विद्यार्थिनीही आश्रमाच्या कार्यकर्त्या झाल्या. १९०७ मध्ये महिला विद्यालय निघाले व त्यानंतर काही काळाने कर्व्यांनी ‘निष्काम कर्म मठ’ स्थापन केला. संस्थांसाठी आजन्म काम करणारे सेवक व सेविका तयार करणे हा मठाचा हेतू होता. फर्ग्युसनच्या आजीव सभासदत्वाची कल्पना येथे स्त्रियांसाठी खुली झाली, हे या घटनेचे ऐतिहासिक महत्त्व होय.

जपानमधील महिला विद्यापीठाविषयीची एक पुस्तिका हाती आल्यावर कर्व्यांच्या मनात विद्यापीठाची कल्पना दृढ झाली, आणि १९१६ मध्ये अवघ्या पाच विद्यार्थिनींवर महाविद्यालयाचा आरंभ झाला. हे धाडस शक्य झाले ते इमारती वा ठेवी यांमुळे नव्हे. वीस वर्षांच्या सहजीवनातून घडलेला कार्यकर्त्यांचा वर्ग पाठीशी होता म्हणूनच ते शक्य झाले. सर विठ्ठलदास ठाकरसी यांची पंधरा लक्ष रुपयांची देणगी १९२० मध्ये आली व त्यांच्या मातोश्रींचे नाव विद्यापीठास मिळाले. परंतु तोवर विद्यापीठ चार वर्षे चाललेले होते.

(४) सूत्राच्या मर्यादा

येथवरचे विवेचन केवळ गौरवपर ठरू नये यासाठी या सूत्राच्या मर्यादाही पाहणे अवश्य आहे. त्यांपैकी तीन मला प्रमुख वाटतात.

पहिली मर्यादा अशी की, देणाऱ्याच्या देण्याचा भार पुष्कळदा दुसऱ्याच्या खांद्यावर पडतो. आश्रमाच्या आरंभीच्या काळात कर्व्यांनी आपली पाच हजार रुपयांची विम्याची पॉलिसी आश्रमाला देऊन टाकली. चरित्रांतून हा प्रसंग त्यागाचे उदाहरण म्हणून येतो. आनंदीबाईंच्या दृष्टीने मात्र ती संसाराच्या एकमेव आधाराची रक्कम होती आणि हा निर्णय त्यांना सहजासहजी मानवला नाही. ‘माझे पुराण’ हे त्यांचे आत्मकथन कर्व्यांच्या ‘आत्मवृत्ता’शेजारी ठेवून वाचले म्हणजे एकाच त्यागाची दोन खाती दिसू लागतात. त्याग करण्याचा निर्णय एकाचा आणि काटकसर दुसऱ्याची, हा प्रकार आजीव सभासदांच्या अनेक घरांत घडला असला पाहिजे. शिक्षणसंस्थांचे इतिहास लिहिताना हे दुसरे खाते बहुधा उघडलेच जात नाही.

दुसरी मर्यादा सहजीवनाच्या कक्षेची. आश्रम प्रामुख्याने उच्चवर्णीय हिंदू विधवांसाठी होता. शिवाय, लोकमत प्रतिकूल होऊ नये म्हणून कर्व्यांनी आश्रमाचे कार्य आणि पुनर्विवाहाचे कार्य ही दोन्ही कटाक्षाने अलग ठेवली. व्यवहारतः हे धोरण यशस्वी झाले, पण त्याची किंमत ज्यांना बाहेर राहावे लागले त्यांनी दिली. ऋण ‘पुढच्याला’ द्यावयाचे हे खरे. पण हा पुढचा कोण, हे सहजीवनाची कक्षा ठरविते. जे एकत्र राहत नाहीत त्यांचे ऋण दिसतही नाही. हीच पद्धती निराळ्या कक्षेत काय घडवू शकते हे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी दाखविले. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करून १९२४ मध्ये त्यांनी साताऱ्यास जे वसतिगृह काढले त्यात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत व श्रम करून शिकत. कर्व्यांनीही १९४४ मध्ये समता संघ स्थापन केला. या उणिवेची जाणीव त्यांना झाली होती, असा निष्कर्ष त्यावरून काढता येईल.

तिसरी मर्यादा अधिकाराची आहे. सहजीवन हे कुटुंबासारखे आहे असे म्हटले की, कुटुंबप्रमुखाची आज्ञाही त्यात गृहीत धरली जाते. १९०५ मध्ये पुण्यात विलायती कापडाची होळी झाली तेव्हा फर्ग्युसनच्या वसतिगृहात राहणारे विद्यार्थी विनायक दामोदर सावरकर यांना दहा रुपये दंड करून वसतिगृहातून काढून टाकण्यात आले. त्या वेळी प्राचार्य परांजपे होते. या निर्णयाच्या योग्यायोग्यतेविषयी मतभेद झाले आणि होत राहतील. येथे मुद्दा एवढाच आहे की, ज्या संस्थेने देशसेवेचे ऋण तरुणांच्या मनावर बिंबविले, तिच्याच एका विद्यार्थ्याने ते ऋण आपल्या समजुतीप्रमाणे फेडू म्हटले, तेव्हा संस्था आणि तो यांचा मार्ग भिन्न झाला. परतफेडीची रीतही आम्हीच ठरवू, असे संस्था म्हणू लागली की ऋणाचे रूपांतर आज्ञेत होते. १८९० चा वाद आणि १९०५ चा हा प्रसंग वरवर भिन्न दिसले तरी त्यांच्या मुळाशी असलेला प्रश्न एकच आहे.

(५) उपसंहार

या इतिहासातून आरंभीच्या तीन प्रश्नांची काही उत्तरे मिळतात. ऋण कोणाचे? ज्यांनी आपल्या आधी येऊन जागा करून ठेवली त्यांचे. किती? हे प्रत्येकाने स्वतः ठरवावयाचे. दुसऱ्याने ते मोजू लागताच सहजीवन दुभंगते. आणि फेडावयाचे कोणाला? मागाहून येणाऱ्याला, आणि तो आपल्या ओळखीच्या वर्तुळातला असेलच असे नाही, हे ध्यानात ठेवून.

आज विद्यापीठांचे स्वरूप पालटले आहे. विद्यार्थ्यांची संख्या वाढली, शुल्क भरून शिक्षण घेण्याची पद्धत सार्वत्रिक झाली आणि माजी विद्यार्थ्यांच्या परतफेडीचा विचार मुख्यतः देणगीच्या रकमेत होऊ लागला. शुल्क भरणाऱ्याला आपण काही देणे लागतो असे वाटत नाही, यात त्याचा दोष नाही. ज्याने संस्थेला चालताना कधी पाहिलेच नाही, त्याला ऋण दिसणार कसे? देणग्यांची आवश्यकता आहेच. कर्व्यांनी त्या मागण्यात आयुष्य वेचले. परंतु त्यांच्या अनुभवावरून असे दिसते की देणगी हे सहजीवनाचे फळ आहे, ते त्याच्या जागी ठेवता येत नाही.

पदव्युत्तर विभाग हे या दृष्टीने अजूनही अनुकूल क्षेत्र आहे. तेथे संख्या मर्यादित असते. वरच्या वर्गातील विद्यार्थी खालच्याला ओळखतो. एकाने जमविलेली साधने, तयार केलेल्या सूच्या, घेतलेली टिपणे दुसऱ्याच्या उपयोगी पडतात. पहिल्या पिढीचा विद्यार्थी खेड्यातून येतो तेव्हा प्रबंधाचा विषय कसा निवडावा, ग्रंथालयात काय शोधावे, कोणाला काय विचारावे, हे त्याला पुस्तकातून कळत नाही. आधी आलेल्या कोणीतरी ते त्याला सांगावे लागते. मुंबईच्या खोलीत मुरूडचा मुलगा मुरूडच्या मुलाला सांगत असे तेच हे काम. विभागात ते रोज घडत असेल, तर पदवीदानाच्या दिवशी ऋणाची आठवण करून देण्याचे प्रयोजन उरणार नाही. आणि ते घडत नसेल, तर त्या आठवणीचा उपयोगही फारसा होणार नाही.